मधले चित्र कोणी पाहिले?



या सदरातून आजवर बेणे, खते, कीड आणि पाणी यांबद्दल आपण बोलत आलो. आजचा विषय वरवर पाहता शेतीबाहेरचा आहे. तो आहे मोबाइलवर दिसणाऱ्या हलत्या चित्रांचा. पण फिरून तो द्राक्षाच्या काडीवर आणि आपल्या खिशावर येऊन टेकतो, म्हणून पान उलटण्याची घाई करू नका.

गेल्या हंगामातली गोष्ट. तासगाव तालुक्यातल्या एका गावी ऑक्टोबर छाटणीच्या आधी बागायतदारांची बैठक ठरली होती. अशा बैठकीत मी दरवर्षी फळ्यावर खडूने वेल काढतो, काडीवर डोळे काढतो आणि काप कुठे घ्यायचा ते दाखवतो. माझी चित्रकला अशी, की काडी काढली तर मागच्या रांगेला ती पडवळ वाटते. यंदा माझी पुतणी म्हणाली, "काका, किती वर्षं तो फळा पुसत बसणार? मी तुम्हाला हलतं चित्र करून देते." पोरगी संगणकाचे शिक्षण घेते. मी म्हटले, कर बाई.

मी एका बागेत जाऊन काडीचा स्वच्छ फोटो काढून आणला. काडीवर आठ डोळे होते आणि एकेक बोट ठेवून मोजता येत होते. त्या बागेतल्या काड्या मालकाने तपासून आणल्या होत्या. घड पाचव्या आणि सहाव्या डोळ्यात दिसले होते. तेव्हा सहा डोळे राखून काप घ्यायचा, हे ठरलेले. पुतणीने तो फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजे हल्ली ज्याला सगळे 'एआय' म्हणतात त्या यंत्राला दिला आणि काय हवे ते शब्दांत सांगितले: कॅमेरा काडीवरून खोडाकडून शेंड्याकडे सरकतो आहे, मग हात येतो, सिकेटर लागते, काडी कापली जाते. थोड्या वेळाने पाच सेकंदांचे चित्र तयार झाले. फोटो हलू लागला! मी खुर्चीतून उठून पुढे गेलो.

पण त्यात एक खोट होती. चित्र अडखळत होते. हात पुढे येताना जणू जिना उतरल्यासारखा टप्प्याटप्प्याने येत होता. पुतणी म्हणाली, "थांबा काका, आता ह्याला गुळगुळीत करते." तिने आणखी एक प्रक्रिया केली आणि तोच हात लोण्यातून सुरी फिरावी तसा सलग फिरू लागला. मला वाटले, काम फत्ते झाले.

ते गुळगुळीत करणे म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. बैठकीत काय झाले ते त्यानंतर सांगतो.

हलते चित्र म्हणून जगात काही नसते, हे जुन्या माणसांना तंबूतल्या सिनेमामुळे ठाऊक आहे. जत्रेत तंबू लागायचा, फिल्म तुटायची, दिवे लागायचे, आणि पोरेटोरे तुटलेले तुकडे गोळा करून उजेडासमोर धरायची. त्या पट्टीवर एकाखाली एक स्थिर चित्रे असत. ती भराभर डोळ्यांसमोरून गेली की आपल्याला माणूस चालल्यासारखा वाटतो. दोन चित्रांच्या मधली हालचाल पट्टीवर कुठेच नसते. ती आपले डोळे आणि मेंदू मिळून भरून काढतात.

ही भरणी नीट व्हायची तर सेकंदाला पुरेशी चित्रे लागतात. मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावा लागे. सेकंदाला साधारण १६ चित्रे पडत. हात थकला की कमी, हुरूप आला की जास्त. बोलपट आल्यावर आवाजासाठी वेग एकसारखा ठेवावा लागला आणि सेकंदाला २४ चित्रे हे प्रमाण ठरले. म्हणूनच जुने मूकपट पुढच्या काळातल्या यंत्रावर लावले की त्यातली माणसे लगबगीने पळताना दिसतात. आपल्याकडच्या टीव्हीने २५ चित्रांचे प्रमाण घेतले, आणि आजचा साधा मोबाइल सहसा ३० चित्रे टिपतो.

एआय यंत्राला मात्र एकही चित्र टिपायचे नसते. त्याला प्रत्येक चित्र नव्याने बनवावे लागते. जितकी चित्रे जास्त तितकी यंत्राची मजुरी जास्त, आणि ती मजुरी फार महाग असते. म्हणून बनवणारे काटकसर करतात. चीनच्या अलीबाबा कंपनीने २०२५ साली सर्वांसाठी मोफत खुले केलेले 'वॅन २.१' हे यंत्र घ्या. ते नेहमीच्या मांडणीत एका वेळी ८१ चित्रे बनवते आणि सेकंदाला १६ या वेगाने दाखवते. म्हणजे पाच सेकंदांचा ऐवज. त्याच्या आदल्या वर्षीचे 'कॉगव्हिडिओएक्स' तर सेकंदाला आठच चित्रे देत होते. शंभर वर्षांमागे दांडा फिरवणाऱ्या हाताची जी गती होती, तिथेच किंवा तिच्याही मागे हे नवे यंत्र उभे आहे. अडखळणार नाही तर काय होईल?

यावर तोड म्हणजे पुतणीने केलेली ती दुसरी प्रक्रिया. तिला 'फ्रेम इंटरपोलेशन' म्हणतात. फ्रेम म्हणजे पट्टीवरचे एक चित्र. दोन चित्रांच्या मध्ये तिसरे चित्र घालायचे, एवढाच तिचा अर्थ. आपल्या भाषेत सांगायचे तर बांधावरचे कुंपण. ८१ खांब रोवले तर त्यांच्यामध्ये ८० गाळे होतात. प्रत्येक गाळ्यात एक नवा खांब रोवला की एकूण १६१ खांब झाले. मग सेकंदाला १६ ऐवजी ३२ या वेगाने दाखवायचे. पाच सेकंदांचे चित्र पाच सेकंदांचेच राहते, पण अडखळणे जाते. इथे एक चूक नवशिके करतात. खांब दुप्पट करतात पण वेग १६ चाच ठेवतात. मग चित्र गुळगुळीत होत नाही, नुसते लांबते आणि माणसे पाण्याखाली चालल्यासारखी दिसतात.

आता हा नवा खांब येतो कुठून? सर्वांत भोळा उपाय म्हणजे मागचे आणि पुढचे चित्र एकमेकांवर ठेवून निम्मे-निम्मे मिसळायचे. त्याने हात एकाच वेळी दोन जागी, भुतासारखा पुसट दिसतो. शहाणा उपाय निराळा आहे. पहिल्या चित्रातला प्रत्येक ठिपका दुसऱ्या चित्रात कुठे सरकला, याचा यंत्र अंदाज बांधते. बोटाचे टोक इथून तिथे गेले, पान इतके झुकले, असा सगळा नकाशा तयार होतो. मग प्रत्येक ठिपका अर्ध्या वाटेवर नेऊन ठेवला की मधले चित्र तयार! २०२० पासून उपलब्ध असलेली 'राइफ' नावाची मोफत प्रणाली हेच काम फार वेगाने करते. दोन चित्रांत हालचाल मोठी असेल तर काय करायचे, यावर गूगलच्या संशोधकांनी २०२२ साली 'फिल्म' नावाची प्रणाली पुढे आणली. लाखो चित्रे पाहून या प्रणाली शिकलेल्या आहेत, त्यामुळे त्यांचे अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतात.

पण शेवटी तो अंदाज आहे. पाहिलेले नव्हे. हे मला त्या दिवशी बैठकीत कळले.

शाळेच्या खोलीत पडदा लावला होता. साठ-सत्तर माणसे होती. चित्र सुरू झाले, कॅमेरा काडीवरून सरकला, हात आला, सिकेटर लागले, काडी पडली. टाळ्या झाल्या. मी तोंडाने सांगत होतो, "सहा डोळे राखायचे आणि त्याच्या वर काप घ्यायचा." एवढ्यात मागून आवाज आला. गावात सगळे ज्यांना तात्या म्हणतात असे एक जुने बागायतदार उभे राहिले होते.

"साहेब, जरा परत लावा."

परत लावले.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा पाहून ते म्हणाले, "तुम्ही तोंडानं सांगताय सहा डोळे राखा. पडद्यावर मी तीनदा मोजले, पाचच भरत्यात. आम्ही कुणाचं ऐकायचं? तुमचं का पडद्याचं?"

खोलीत हशा झाला, पण माझ्या पोटात गोळा आला. पुतणीने चित्र हळूहळू, एकेक करून पुढे सरकवले. पहिल्या चित्रात डोळे बरोबर होते. पण कॅमेरा काडीवरून सरकत होता त्या भागात, नव्याने घातलेल्या मधल्या चित्रांत, तिसरा आणि चौथा डोळा एकमेकांत विरघळून एक झाला होता. यंत्राने मूळ बनवलेल्या ८१ चित्रांत दोन्ही डोळे निरनिराळे होते. ती मी आदल्या रात्री तपासली होती. गुळगुळीत झालेले चित्र मात्र मी तपासले नव्हते. ते इतके सुंदर दिसत होते की तपासावेसे वाटलेच नाही. ही चूक माझी, यंत्राची नव्हे.

विचार करा, त्या खोलीतल्या एखाद्या तरुण पोराने माझे बोलणे सोडून पडद्यावरचे डोळे मोजले असते आणि घरी जाऊन पाच डोळ्यांवर सगळी बाग कापली असती तर? सहाव्या डोळ्यातला घड जमिनीवर पडला असता. ज्याचा घड सहाव्यातच होता त्याच्या बागेत नुसती वांझ फूट निघाली असती. कापलेली काडी परत जोडता येत नाही. वर्षभराची औषधे, मजुरी आणि बँकेचा हप्ता त्या एका विरघळलेल्या डोळ्यात गेला असता.

असे का झाले? बैलगाडीचे चाक आठवा. सिनेमात गाडी पुढे पळते आणि चाकाचे आरे मात्र उलटे फिरताना दिसतात. कारण सगळे आरे सारखेच. एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाताना चाक जवळजवळ एका आऱ्याएवढे फिरले, तर पुढचा आरा कोणता आणि मागचा कोणता हे डोळ्याला कळत नाही. तो जवळचा आरा धरतो आणि चुकतो. काडीवरचे डोळेही तसेच, सारख्या अंतरावर आणि सारख्या रूपाचे. कॅमेरा एका पेराएवढा सरकला की यंत्राला तिसरा डोळा कोणता आणि चौथा कोणता हे ओळखता येईना. त्याने दोघांना मिळून एक जागा दिली. मांडवाच्या तारा, उसाच्या सऱ्या, ठिबकच्या नळीवरची छिद्रे, मक्याच्या कणसावरचे दाणे, जिथे जिथे सारखेपणाची ओळ आहे तिथे तिथे हा धोका आहे. एखादी वस्तू दुसरीच्या मागे लपून पुन्हा बाहेर येते तिथेही तसेच. पानामागे बोट गेले तर मधल्या चित्रात ते बोट असावे की नसावे, हे यंत्राला कोण सांगणार?

शेतकऱ्याला हा घोटाळा नवा नाही. पर्जन्यमापकाची नोंद सकाळी साडेआठला घ्यायची असते. समजा सोमवारची नोंद १० मिलिमीटर आहे, बुधवारची १२ आहे, आणि मंगळवारी पाणी न मोजताच पर्जन्यमापक रिकामा केला गेला. बसल्या जागी कोणी मधला आकडा ११ भरला, तर वही सुबक दिसते. पण सोमवारी रात्री ढगफुटीसारखा पाऊस होऊन बांध वाहून गेला असेल तर? ज्याचे नुकसान झाले त्याच्या हातात त्या सुबक वहीने काय पडणार? रिकामी जागा निदान खरे तरी बोलते, की इथे कोणी पाहिले नाही. भरलेली जागा खोटे बोलते आणि तेही ठामपणे बोलते.

याहून मोठे उदाहरण आपल्या सातारा जिल्ह्याच्या नकाशावरच आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पूर्वेकडे माण तालुक्यात म्हसवडच्या बाजूला पाचशेच्या आसपास. दोन्हींची सरळ रेघ ओढली तर मध्यावर येते कोरेगाव. मधला आकडा काढणाऱ्याने कोरेगावला अडीच हजारांच्या पुढे पाऊस लिहिला असता. प्रत्यक्षात तिथे त्याच्या निम्माही पडत नाही. कारण ढग रेघ ओढून चालत नाहीत. सह्याद्रीचा माथा ओलांडला की ते रिते होत जातात. ज्याला डोंगर ठाऊक नाही, त्याचा मधला आकडा चुकणारच. यंत्राला काडी ठाऊक नाही. त्याला फक्त ठिपके ठाऊक आहेत.

मग ही प्रक्रिया वाईट म्हणायची का? मुळीच नाही. आपल्या महाराष्ट्रातली एक जुनी गोष्ट सांगतो, म्हणजे नेमका फरक ध्यानात येईल. १९१२ साली दादासाहेब फाळके विलायतेहून कॅमेरा घेऊन परतले. त्यांना चित्रपट काढायचा होता, पण भांडवल नव्हते आणि कोणाचा विश्वास बसत नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ ठरावीक वेळाने थोडी थोडी चित्रे टिपत राहिले. पडद्यावर लोकांनी पाहिले, की दाणा फुटला, अंकुर वर आला आणि बघता बघता वेल झाला. 'अंकुराची वाढ' असे त्या लहानशा चित्राचे नाव. ते पाहून भांडवल उभे राहायला मदत झाली आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. आपल्या देशातल्या चित्रपटाच्या मुळाशी असे एक पीक उभे आहे, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

आता पाहा. फाळक्यांच्या दोन चित्रांमध्येही मोठी मोकळी जागा होती. रात्री अंकुर किती वाढला ते कॅमेऱ्याने पाहिलेच नव्हते. पण फाळक्यांनी तिथे हाताने चित्र काढून घातले नाही. टिपलेले तेवढे दाखवले आणि मधले भरायचे काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोडले. पट्टीवरचे प्रत्येक चित्र उजेडासमोर धरले तर त्यात खराखुरा वाटाणा होता. आजच्या यंत्राने भरलेले मधले चित्र उजेडासमोर धरले तर त्यात अंदाज आहे, आणि तो खऱ्याच्या रांगेत खऱ्याचे कपडे घालून बसला आहे. आपल्या डोळ्याचा अंदाज क्षणात विरून जातो. यंत्राचा अंदाज मात्र छापून राहतो, मोबाइलवरून गावोगाव फिरतो आणि पुरावा बनतो.

हाताने काढलेल्या व्यंगचित्रपटातही मधली चित्रे भरावी लागतात. मुख्य चित्रकार उडीची सुरुवात आणि शेवट काढतो, हाताखालचे चित्रकार मधले टप्पे काढतात. पण तिथे सगळ्यांना ठाऊक असते की हे काढलेले चित्र आहे. कोणी व्यंगचित्रपटातला कोल्हा पाहून कोल्ह्याचा इलाज करत नाही.

तेव्हा गावातल्या ज्या मुलामुलींना असली चित्रे करायची हौस आहे, त्यांच्यासाठी पुतणीकडून शिकलेल्या चार गोष्टी अनुभवाच्या चाळणीतून काढून देतो.

एक. आधी मोजा. यंत्राने सेकंदाला किती चित्रे दिली ते पाहा. १६ असतील तर दुप्पट करून ३२ पुरेत. उगाच चौपट करू नका. चौपट केले की प्रत्येक चार चित्रांत तीन अंदाजाची आणि एकच मूळ, असा हिशेब होतो. दुधात पाणी किती घालायचे याला काही मर्यादा असावी.

दोन. प्रसंग बदलतो तिथे तुकडा तोडा. बागेचे चित्र संपून शेडचे चित्र सुरू होत असेल, तर दोन्ही तुकडे वेगवेगळे करून मगच प्रक्रिया करा. नाहीतर बाग आणि शेड यांच्यामध्ये यंत्र तिसरेच काहीतरी उभे करते. वेलाला पत्रे लागलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

तीन. अक्षरे आणि आकडे शेवटी घाला. औषधाचे प्रमाण चित्रावर लिहून मग गुळगुळीत करायला दिले, तर सरकताना अक्षरे वितळतात. १ चा ७ दिसायला वेळ लागत नाही, आणि फवारणीत १ आणि ७ यांतला फरक म्हणजे जळलेले पीक. आधी चित्र सुधारा, मग त्यावर आकडा लिहा.

चार. ही सर्वांत मोलाची. तयार झालेले चित्र हळू करून एकेक फ्रेम पाहा, आणि ज्याला विषय कळतो त्याच्याकडून पाहून घ्या. संगणक जाणणाऱ्याला काडी कळत नाही आणि काडी जाणणाऱ्याला संगणक कळत नाही. दोघांनी एका बाकावर बसावे. घरातल्या आजीला बसवा. हळदीचा गड्डा, आल्याचे बेणे, ज्वारीचे कणीस तिने आयुष्यभर हाताळले आहे. बिघडलेली फ्रेम तिला आधी दिसेल.

एक ढोबळ नियमही सांगतो. जे नुसते डोळ्याला बरे वाटावे म्हणून आहे, ते खुशाल गुळगुळीत करा. ढग सरकतो, वाऱ्याने पीक डोलते, माणूस बांधावरून चालत येतो. तिथे अंदाज चुकला तरी कोणाचे काही बिघडत नाही. पण जे पाहून शेतकरी हात चालवणार आहे, तिथे मधले चित्र यंत्राला भरू देऊ नका. काप कुठे घ्यायचा, पानावरचा ठिपका करप्याचा की केवड्याचा, कीड कोणत्या अवस्थेत आहे, नोझल कुठे धरायचे, हे सगळे खऱ्या बागेत, खऱ्या हाताने करून मोबाइलने टिपा. चित्र जरा अडखळले तरी चालेल. एखादे पोर बोलताना अडखळते, म्हणून ते खोटे बोलते असे आपण म्हणत नाही. गोड बोलणाऱ्याचेच दोन शब्द तोलून घेतो. चित्रालाही तोच न्याय लावावा.

आणि बघणाऱ्यांसाठीही दोन शब्द. मोबाइलवर रोज कोणी ना कोणी पिकाचे चमत्कार पाठवतो. एका रात्रीत लगडलेला वेल, एका फवारणीत पळालेली कीड. चित्र सफाईदार आहे म्हणून ते खरे, असे धरू नका. सफाई आता स्वस्त झाली आहे. कोणत्या गावचे, कोणत्या बागेतले, कोणत्या महिन्यातले, हे विचारा. उत्तर आले नाही तर खिशातला पैसा खिशातच राहू द्या.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. 'तास-ए-गणेश' हा द्राक्षाचा वाण आपण सगळे जाणतो. तो कोणा प्रयोगशाळेत जन्मला नाही. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसनच्या वेलांतून तो निवडला. सोलापूरकडे नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' पुढे आणला तोही असाच, बागेतला वेगळेपणा हेरून. हजारो वेलींत एखादीच काडी निराळी निघते. तिचा मणी जरा लांब, तिचा घड जरा वेगळा. साधा माणूस तिथून पुढे जातो. जाणता माणूस थांबतो.

मधली चित्रे भरणाऱ्या यंत्राचा स्वभाव याच्या उलट आहे. ते मागचे पाहते, पुढचे पाहते आणि दोन्हींना जुळेल असे मधले काढते. जे अवचित आहे, जे ओळीत बसत नाही, ते त्याच्या हिशेबात येत नाही. त्याच्या हाती निवड दिली असती, तर ती निराळी काडी त्याने शेजारच्या दोन काड्यांसारखी करून टाकली असती. बागायतदाराचे भले झाले ते ओळीत न बसणाऱ्या काडीमुळे, आणि ती दिसली ती बांधावर उभ्या असलेल्या डोळ्याला.

पुढच्या आठवड्यात आम्ही तात्यांच्याच बागेत गेलो. पुतणीने मोबाइल धरला, तात्यांनी काडी हातात घेतली. बोटाने एकेक डोळा मोजत ते मोठ्याने म्हणाले, "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा," आणि सिकेटर दाबले. मध्ये वाऱ्याने पान आडवे आले, मागे कुत्रे भुंकले, पुतणीचा हात एकदा हलला. सुरुवातीचे ढग आणि बागेकडे येणारी वाट तेवढी यंत्राने केलेली ठेवली, गुळगुळीत करून, आणि त्यावर 'हे चित्र यंत्राने बनवलेले आहे' असे स्वच्छ लिहिले. कापणीचा भाग तसाच ठेवला, हललेला आणि धुळीचा.

दुसऱ्या बैठकीत तो दाखवला तेव्हा टाळ्या कमी झाल्या. पण मागच्या रांगेतल्या एका पोराने आपल्या हातातल्या काडीवर बोट ठेवून मोजायला सुरुवात केली, आणि सहावर थांबला. मला तेवढे पुरे होते.